थेंबवाल्या मॅडम

आमच्या मॅडमना जेवायला बोलवायची कागलात लोकांना धास्ती असायची. ताट समोर आलं की त्या पर्समधून औषधाची इवलीशी बाटली काढत आणि पानातल्या मिठावर एक थेंब टाकत. मीठ निळं झालं तर त्यात आयोडीन आहे, पांढरं राहिलं तर नाही. एका लग्नात ते पांढरंच राहिलं आणि मॅडमनी भर पंगतीत आचाऱ्याला हाक मारली. मी त्यांची संशोधन सहायक. मान खाली घालून जिलेबी खाणं एवढंच माझ्या हातात होतं.

उभी हयात थायरॉईडच्या अभ्यासात गेलेली, त्यामुळे बोलताना यांची नजर समोरच्याच्या गळ्यावर. बायकांना वाटायचं दागिना बघतायत. त्या पदर ओढून घ्यायच्या. "शुगर वाढली की अख्खं घर घाबरतंय," मॅडम करवादायच्या, "आणि गळा सुजला तर म्हणत्यात, बाई अंगानं भरली!"

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा आम्ही कागलात घरोघरचं मीठ गोळा करत होतो. हा शेवटचा अभ्यास पुरा करूनच जायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. चिठ्ठ्या टाकून गल्ल्या निवडल्या, त्यात मॅडमची स्वतःचीही आली. त्यांचं घर तेवढं मी सोडून दिलं; तिथं काय तपासायचं! गल्लीतल्या सगळ्या पुड्या झकास निळ्या झाल्या. मी खूश. मॅडम मात्र पुड्या उन्हात धरून बसल्या. प्रत्येक पुडीतल्या मिठात हळदीचे पिवळे कण होते.

तशाच उठून त्या कोपऱ्यावरच्या काकूंकडे गेल्या; हळदीचा चमचा मिठात बुडवायची सवय गल्लीत त्यांचीच. काकूंनी काहीच लपवलं नाही. "माझ्याच पाकिटातलं दिलं की सगळ्यांस्नी! तुमच्या माणसाला काय निळं न होणारं धुतलेलं खडं मीठ द्यायचं व्हय? गल्लीची अब्रू हाय का न्हाय?"

मॅडमनी एका गल्लीच्या नव्हे, साऱ्या कागलच्या पुड्या बाद केल्या. इथं झालं ते दुसरीकडं झालं नाही कशावरून, म्हणे. माझी दोन महिन्यांची पायपीट! मी रडकुंडीला आले. "मॅडम, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

अभ्यास अर्धा टाकून त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी बाटली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "आता पुडी मागू नकोस. शेगडीपाशी जायचं आणि डबा उघडायला लावायचा."

मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत मी तेच उंबरे पुन्हा झिजवले. शेवटी राहिलं मॅडमचं घर. स्वयंपाकघर त्यांच्या जावेच्या ताब्यात. जाऊबाईंनी लगबगीनं नवं पाकीट पुढं केलं. मॅडमनी ते बाजूला सारलं आणि शेगडीजवळचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

मी थेंब टाकला. आम्ही तिघी बघत राहिलो. मीठ पांढरंच राहिलं.

"खड्याशिवाय कालवणाला चव येत न्हाय," जाऊबाई पुटपुटल्या. मॅडम खुर्चीत बसल्या. जिनं जिल्हाभरच्या पंगती नासवल्या, त्या बाईचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मॅडम, घर बंद होतं असं लिहिते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं वही उघडली.

"लिही," मॅडम म्हणाल्या. "पांढरं. आणि अक्षर नीट काढ."