पहिली ओटी अंबूबाईने भरली

सायखेड्यात कुजबुज अशी होती, की सगुणाबाईने सुनेच्या पोटावर करणी केली. पुरावा? निकिताच्या डोहाळजेवणाला अख्खी गल्ली मांडवात, आणि सासूबाई पार मागे कांद्याच्या चाळीपाशी, हाताला पट्टी चिकटवून एकट्या बसलेल्या! पहिली ओटी सासूची. ती भरली शेजारच्या अंबूबाईने, आणि पोट भरल्यावर कुजबुजही तिनेच सुरू केली. ओटीत नारळ, कानात विष, आणि हात एकच!

कुणाचं जुळलं, कुणाचं फिसकटलं, हे मला चहाच्या आधी लागतं, कबूल. पण करणी? याच बाईने निकिताच्या उलट्या तीन महिने निस्तरल्या. तेव्हा कुठे होत्या या सगळ्या जिभा?

पंधरा दिवसांनी निकिता माहेरी निघाली. बॅग उचलून दारातच म्हणाली, "आत्या, बाळाला घेऊन मी या घरात परत यायची नाय."

सगुणाबाईने डब्यातून घडी केलेला कागद काढला. "नको येऊ. पण हे वाचून जा."

निकिताने वाचलं आणि बॅग खाली ठेवली. "मला आधी का नाय सांगितलं?"

"सातव्या महिन्यात तुला कॅन्सरचं सांगू व्हय? काल डॉक्टरांचा फोन आला. सुई घालून बघितलं, कायबी नाय म्हणाले. आता सांगते."

"मग तपासणीची तारीख बदलायची ना!"

"तुझ्या आईने ओटीचा मुहूर्त दोन दिवस अलीकडे, नेमका त्याच दिवशी घेतला. ते टोचायचं औषध त्याच सकाळी मुंबईहून गाडीने येतं, दुपारनंतर त्याचा जोर जातो. ते थांबतंय व्हय?"

कुंपणापलीकडून अंबूबाईची मान लांबली. "काय लिव्हलंय गं?"

समोरच्या ओट्यावरून उठून मी कागद मागून घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल असा वाचला. अंबूबाईचं नाव त्यात नव्हतं, तरी मी दोनदा घातलं.

सगुणाबाईच्या छातीचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं. नंतरच्या तपासणीत एक डाग दिसला, तो कसला हे कळेना. गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात कॅन्सर शोधणाऱ्या नव्या औषधाची चाचणी चालू होती; तिने त्यात नाव दिलं. डोहाळजेवणाच्या सकाळी ते किरणोत्सर्गी औषध तिच्या शिरेत टोचलं. दुसऱ्या सकाळपर्यंत गरोदर बाईच्या जवळ जायचं नाही, असं कागदावर लिहिलं होतं. म्हणून ती चाळीपाशी बसली.