पंख्याचं चित्र

चाकणला कंपनीच्या बसची वाट बघताना चहाच्या टपरीवर तो भंगारवाला रोज दिसतो. उजव्या हाताची बोटं झडलेली, त्यामुळे ग्लास दोन्ही तळव्यांत धरतो. एकदा मी त्या हाताकडे बघतच राहिलो, तेव्हा आपणहून बोलला.

"कंपनीच्या भंगारात जड डबा आला व्हता, भाऊ. वर पंख्याचं चित्र. म्हनलं मोटर आसंल, तांबं निघंल. फोडला. आत बारकी चमकती कांडी. बायकूनं हौसंनं पदराला बांधली."

ती तीन पाती म्हणजे किरणोत्साराची खूण, हे त्याला दवाखान्यात कळलं, बायको गेल्यावर. डबा भंगारात टाकणाऱ्यांची चौकशी म्हणे अजून चालूच आहे.

टपरीवाल्यानं पंखा लावला, की तो ग्लास घेऊन उन्हात जाऊन बसतो.