फुलीचं ताट

लग्नसराई सरली की आमच्या सांगलीच्या घाटावर प्लास्टिकच्या पत्रावळ्यांचा खच पडायचा. ते बघून माझं डोकं फिरायचं. म्हणून मी आणि माझ्या धाकट्या जावेनं स्टीलची ताटं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तुम्ही जेवा, घासून आम्ही नेतो. किती सोपं वाटलं होतं, काय सांगू!

पहिलं काम दिलं शेजारच्या जैन काकूंनी. अट एकच, या ताटांत कधी मटण वाढायचं नाही. मी शब्द दिला. पण पुढं गावोगावच्या जत्रा आल्या आणि तिथं सगळ्यांना ताटं हवी होती ती मटणालाच. मग त्यासाठी वेगळी ताटं घेतली, मागं फुली कोरून घेतली. वेगळी पोती, वेगळ्या घासण्या. तरी जिवाला घोर लागलेलाच.

काकूंच्या नातीचा साखरपुडा होता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची होती. ताटं मांडताना हातातलं एक पालथं झालं. मागं फुली.

जाऊ कुजबुजली, "अक्का, एकच हाय. पदराखाली घाला, कुणाला कळतंय?" कुणालाच कळलं नसतं. पण आदल्या दिवशी जत्रेहून आल्यावर घाईत पोती मीच भरली होती. आणखी किती मिसळली असतील, मलाच ठाऊक नव्हतं, आणि सगळी उलटून बघायला वेळ नव्हता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तसंच ताट घेऊन काकूंकडे गेले आणि सांगून टाकलं.

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दिराला दुकानात पिटाळलं, प्लास्टिक चढवलेली कागदी ताटं आली आणि पंगत बसली. आम्ही पोती परत टेम्पोत चढवत होतो, तेव्हा त्या जवळ आल्या.

"सांगितलंस, उपकार झाले. पण तुझी ताटं आता नकोत गं. या कागदाच्या ताटात आधी कोण काय जेवलं, ते विचारावं लागत नाही."

त्यानंतर त्या गल्लीतून एकही बोलावणं आलं नाही. वर्षभरात धंदा बसला. लोक म्हणतात, जाहिरात कमी पडली. डोंबल जाहिरात!

गप्प बसले असते तर? हा प्रश्न काही केल्या पाठ सोडत नाही. घाटावर गेले की अजून पायऱ्यांवर उष्टी कागदी ताटं पडलेली असतात. मी चडफडत ती गोळा करते आणि प्रत्येक ताट उलटून बघते. मागं काहीच नसतं.