पाठीवरचा चौकोन

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात मी कॅथलॅबचा टेक्निशियन. अँजिओप्लास्टी चालते तेव्हा क्ष-किरण टेबलाखालून थेट पेशंटच्या पाठीत घुसतात. कातडीला किती डोस बसला त्याचा अंदाज देणारा आकडा पडद्यावर येतो, तो रजिस्टरात उतरवायचा असतो. मी उतरवत नव्हतो. सकाळी चहा पिता पिता दिवसभराच्या सगळ्या नावांपुढं ‘मर्यादेत’ असं लिहून मोकळा व्हायचो. पेशंट अजून रिक्षात, आणि त्याचा डोस मर्यादेत. थू असल्या नोकरीवर.

कुरुंदवाडकडच्या दूध डेअरीतल्या एका काकांची रक्तवाहिनी पार बंद होती. डॉक्टरांनी तीन तास एकाच तिरक्या कोनातून किरण मारले. आकडा चढत चढत लाल झाला. पाहिला की मी. पण बाहेर पुढचा पेशंट ताटकळलेला. त्याचं नाव मशीनमध्ये टाकलं आणि काकांचा आकडा पुसला गेला. रजिस्टरात ‘मर्यादेत’ सकाळपासून तयारच होतं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या रक्तवाहिनीसाठी काका परत आले. गाऊन घालताना त्यांची पाठ दिसली. लालभडक गेरू फासलेला.

"नागीण झालीया," काकू म्हणाल्या. "आमच्याकडं एक म्हातारा हाय, मंतर घालून गेरू लावतोय. दोन येळा लावून आणलं."

नागीण अंगाभोवती पट्ट्यासारखी फिरते. हिला चार सरळ कडा होत्या, किरणांचा झोत पडतो तसाच तळहाताएवढा चौकोन, आणि मधलं कातडं ओलं, चिकट. वास मारत होता.

डॉक्टरांनी पाठ पाहिली. "मागचा डोस किती होता?" मी रजिस्टर पुढं केलं. वाचून त्यांचा चेहरा सैल पडला. "मर्यादेत आहे की. मग नागीणच." रजिस्टर सकाळीच भरलेलं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाची मला किळस आली. आणि अक्षर तर माझं होतं.

मी एवढंच म्हणालो, "सर, या वेळी दुसऱ्या बाजूनं घेऊ. चित्र चांगलं येईल." माझ्याकडं न बघता त्यांनी कोन बदलला. कारण विचारलं नाही.

काम नीट झालं. काकूंनी मला जिन्यापाशी गाठलं.

"दादा, डॉक्टर घाईत असत्यात, म्हणून तुमास्नी इचारते. नागीणच हाय न्हवं? न्हायतर कातडीच्या डॉक्टरला दावतो. ह्याच गल्लीत हाय म्हणं."

खरं बोललो असतो तर त्या तिथूनच चालत गेल्या असत्या. आणि तो डॉक्टर पहिल्यांदा आकडाच विचारणार.

"नागीणच आहे," मी म्हणालो. "गेरू लावत राहा."