मला कोणी उचलायचं नाही

पैलवानबाईला आजवर कोणी उचललेलं नव्हतं. तान्ही असताना उचललं असेल, तेवढंच. पुढे जन्मभर तिनेच उचललं. लोकांची कपाटं, पलंग, शिलाई मशिनं. एकदा तर काचेची टाकी माशांसकट उचलली, कारण घरमालकीण मासे बाहेर काढू देईना.

तिचा आणि नवऱ्याचा धंदा लोकांचं घरसामान हलवण्याचा. जिन्यात नवरा वरच्या टोकाला, ती खालच्या. कपाट जिन्यातून नेताना सगळा भार खालच्यावर येतो. वरचा नुसता दिशा दाखवतो आणि ओरडतो. "आमचे हे तोंडाने ओझं उचलतात," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. नवराही ते नाकारायचा नाही. दोघांचा एक शब्द ठरलेला होता: टेक. कोणीही "टेक" म्हटलं की दुसऱ्याने आहे तिथे ओझं खाली ठेवायचं. का, कशाला, ते नंतर. आधी विचारत बसलं की बोटं जातात.

धंदा बंद केल्यावर नवऱ्याने त्याच टेम्पोत पलंग ठोकला, खिडकी कापली, शेगडी बसवली आणि त्याची घरगाडी केली. आता फिरत राहायचं, असा दोघांचा बेत. तेवढ्यात बाईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ शाबूत राहिली, हात बराचसा परत आला, पाय मात्र कधी ऐकायचा, कधी नाही. तरी ती निघालीच. मग लेकही रजा काढून, चाकाची खुर्ची घेऊन सोबत आली.

किल्ल्याच्या बागेत लेकीने खुर्ची खडीवरून ढकलली. बाईला दिसली ती कापून चौकोनी केलेली झुडपं. बसल्या जागेवरून त्यापलीकडे काही दिसेना. झुडपं छाटणाऱ्या माळ्याने सांगितलं की ही बाग वरून बघायलाच लावली आहे. खालून नुसतं कुंपण, मनोऱ्यातून नक्षी.

"मग वर जायचं," बाई म्हणाली.

लेकीने समजावलं, मी वर जाऊन फोटो काढून आणते. बाई म्हणाली, फोटोच बघायचा तर घरी बसून बघितला असता, इतक्या लांब हाडं खिळखिळी करून घ्यायला नको होती. नवरा हळूच म्हणाला की पाठीवर घेतो, यापेक्षा जड कपाटं नेली आहेत आपण.

"मी कपाट आहे का? मला कोणी उचलायचं नाही. हात लावलात तर बघा."

लेकीचाही संयम सुटला. ती म्हणाली, अर्ध्यात अडकलीस तर इथूनच घरी. गाडी विकायची आणि तू माझ्याकडे राहायचं. बाईने एकदा मनोऱ्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे.

"कबूल," ती म्हणाली आणि खुर्चीतून उठली.

जिना गोल, दगडी, मधोमध झिजलेला. एका बाजूला दोर बांधलेला. बाईने उजव्या हाताने दोर धरला, उजवा पाय वर टाकला आणि डावा ओढून त्याच्याशेजारी आणला. पुन्हा उजवा. नवरा मागून. जन्मात पहिल्यांदा तो खालच्या बाजूला होता. हात लावायचा नाही म्हणून त्याने दोन्ही हात खिशात कोंबले होते.

पहिल्या वळणापर्यंत ठीक चाललं. दुसऱ्या वळणाला डावा पाय लटपटू लागला. तिने ते कोणाला कळू दिलं नाही, दात आवळले. मागे नवऱ्याला मात्र धाप लागली होती. वय त्याचंही झालं होतं. आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "टेक."

बाई बसली. पायरीवर, धपकन, कपाट ठेवावं तशी. मागची रांग थांबली. खालून कोणीतरी विचारलं, काय झालं. रांगेतून लेकीचा आवाज आला, "आई, पुरे आता."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "अगं, मला दम लागला म्हणून बोललो. तुला नव्हतं सांगितलं."

"सांगितलंत ते बरं केलंत," बाई म्हणाली. एव्हाना तिच्या लक्षात आलं होतं. फारच जड कपाट असलं की ते उचलत नाहीत. जिन्याकडे पाठ करून एकेक पायरी वर बसवत नेतात. तिने उजवा तळवा मागच्या पायरीवर टेकला, उजवा पाय रेटला आणि बूड वरच्या पायरीवर ठेवलं. डावा पाय मागून आला, यायचंच होतं त्याला. मग पुढची पायरी. दंड थरथरायचा तेव्हा ती थांबायची, भिंतीला चिकटून लोकांना जाऊ द्यायची. एक बाई वाकून "बिचाऱ्या" म्हणाली. पैलवानबाईने तिला विचारलं, तुम्ही वर कशाला चाललात? बाग बघायला? मग मीही त्यालाच चालले आहे, यात बिचारं काय?

साडी मळली, कोपर सोललं. ती वर पोचली.

बाग खरंच नक्षी होती. वेटोळी एकमेकांत गुंतलेली, कुठे सुरू होतात नि कुठे संपतात ते शोधावं लागे. बाई कठड्याला टेकून शोधू लागली. एवढ्यात लेक रखवालदाराला घेऊन वर आली. मागे दोन दांडगे गडी, त्यांच्याकडे माणूस उचलून न्यायची, दांड्यांची खुर्ची. लेकीनेच काळजीने खाली जाऊन ती मागवली होती. रखवालदार म्हणाला, आजी, नियम आहे, यांना काम करू द्या.

बाईने खुर्ची बघितली. ती कठड्यापाशी ठेवायला लावली आणि तिच्यात ऐसपैस बसली. लेकीला हायसं वाटलं. गड्यांनी दांडे धरायला हात पुढे केले.

"थांबा. अजून बघून व्हायचं आहे."

तिने सावकाश, एकेक वेटोळं डोळ्यांनी पार केलं. गडी उभे राहून कंटाळले, एकाने घड्याळ बघितलं. मग ती उठली, कठडा धरून जिन्याच्या तोंडाशी गेली आणि वरच्या पायरीवर बसली.

"खुर्ची आणलीत ते छान केलंत," ती गड्यांना म्हणाली. "आता न्या खाली. रिकामीच."