आमचा रस्ता कुणाच्या वाट्याला

लंडनच्या एजवेअर भागात आमच्या रस्त्यावर बरीच भारतीय घरं होती. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखायचं ठरलं, तेव्हा आम्ही ज्या पार्टीला मत द्यायचो, तिचा स्थानिक सेक्रेटरी आमच्याकडे चहाला आला. "नव्या सीमेने तुमची कम्युनिटी दुभंगेल," तो म्हणाला. "सीमा आयोगाच्या जाहीर सुनावणीत तुम्हीच बोला. आणि शक्यतो साडी नेसून या."

मी ऑफिसातून सुट्टी काढली आणि साडी नेसून टाउन हॉलमध्ये गेले. आमची मुलं एकाच शाळेत जातात, गणपती आम्ही मिळून बसवतो, आम्हाला तोडू नका, असं अगदी मनापासून सांगितलं.

मग चहाची सुट्टी झाली. ती संपल्यावर आमच्याच सेक्रेटरीने उठून विरोधी पार्टीशी एकमत झाल्याचं जाहीर केलं. आमचा रस्ता शेजारच्या मतदारसंघात जाणार होता आणि त्या बदल्यात सेक्रेटरीच्या पार्टीला तिच्या हक्काच्या मतांची एक वस्ती मिळणार होती.

बाहेर मी त्याला गाठलं. "मग मला कशाला बोलायला लावलंत?"

"तुम्ही छान बोललात," तो म्हणाला. "म्हणून तर ते तडजोडीला आले."

पुढे पार्लमेंटने त्याच सीमेवर शिक्कामोर्तब केलं. निवडणुकीच्या वेळी तो पत्रकं वाटत आमच्या कोपऱ्यापर्यंत आला. मला दारात पाहून त्याने हात हलवला आणि तिथूनच मागे फिरला. आमची मतं आता त्याच्या कामाची नव्हती.