आंधळ्या घोड्याची सोबतीण

जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करताना एकदा गावाबाहेरच्या कॅम्पिंगला, म्हणजे तंबू ठोकून राहायच्या जागी, गेलो होतो. तिथल्या कुरणात सत्तरीची एक बाई आंधळा घोडा घेऊन आली. त्याच्याभोवती कुंपणाच्या खुंट्या ठोकताना ती त्याच्याशी सारखी बोलत होती, म्हणजे ती जवळ असल्याचं त्याला कळावं.

कॅम्पिंगचा मालक म्हणाला, "बिचकला तर तंबू तुडवेल. डॉक्टरला बोलावून, इंजेक्शन देऊन मोकळं करा त्याला."

"उद्या माझे डोळे गेले, तर मलाही मोकळं करणार?" तिने विचारलं आणि पुढची खुंटी ठोकली.

मालक जागचा हलेना. मी माझा तंबू उचलून घोड्याशेजारी आणला. "तुडवला तर माझा तुडवेल," मी म्हणालो. मालक परतला.

तिने आभार मानले नाहीत. "आल्झो, चल तर मग," ती म्हणाली, "हातोडी धर."